विंचवाचे बिऱ्हाड

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात वादविवाद स्पर्धेला विषय होता : ‘मोटारघर म्हणजे निव्वळ चैन’. हा विषय कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला ते मी सांगणार नाही, कारण त्या बाईंकडे माझा एक पेपर तपासायला जातो. मी विषयाच्या विरुद्ध बोलले आणि हरले. नुसती हरले असते तर काही वाटले नसते. पण शेवटच्या दोन मिनिटांत प्रतिपक्षाच्या वक्त्याने असे काही विचारले, की मी माईकसमोर नुसती उभी राहिले. सभागृहातल्या मागच्या बाकांवरून नेहमी येणारे आवाजसुद्धा त्या वेळी आले नाहीत. संपादकांना दया आली असावी. ते म्हणाले, “चार पाने देतो, राहिलेले बोलून टाक.” म्हणून हा लेख.

आधी मोटारघर म्हणजे काय ते सांगते. स्पर्धेच्या दिवशी निम्म्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे सिनेनटांची व्हॅनिटी व्हॅन उभी होती. कॅम्परव्हॅन ती नव्हे. माझ्या मामांची कॅम्परव्हॅन म्हणजे एक लांब टेंपो-ट्रॅव्हलर. आत चालकाच्या मागे बाक. त्याची फळी ओढली की दोघांचा पलंग. एका बाजूला हातभर ओटा, त्यावर शेगडी, खाली पाच किलोचा सिलिंडर. छोटा फ्रिज. मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी मोरी आणि तीत कमोड. पाण्याची टाकी नव्वद लिटरची. टपावर सूर्याच्या उन्हावर चालणारी पाटी आहे, आणि गाडी चालू असली की भरणारी एक जादा बॅटरी आहे. दिवे, पंखा, फ्रिज तिच्यावर चालतात. बस्स. यात झुंबर नाही की गालिचा नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत जे असते तेच, फक्त दाटीवाटीने.

ही गाडी मामांनी कशी घेतली हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आमच्या घरात तो अजूनही न संपलेला वाद आहे. मामा २०१९ साली बँकेतून निवृत्त झाले. सांगलीत त्यांनी बंगल्यासाठी जागा घेऊन ठेवली होती. सगळ्यांनी धरले होते, की आता पायाभरणी होणार. मामांनी जागा विकली. माझी आई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ‘घर पाहावे बांधून’ असे म्हणणाऱ्या समाजात कोणी बांधायचे घर मोडून चाके घेतो, याला काय म्हणायचे? आईने एकच शब्दप्रयोग केला : “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!” ते तिने ज्या आवाजात म्हटले, त्यात कौतुक तिळभर नव्हते.

मामांच्या डोक्यात हे वेड शिरले १९७८ साली. कॉलेजच्या सहलीबरोबर ते गोव्याला गेले होते. कळंगुटच्या किनाऱ्यामागे माडांत एक गोल नाकाची गाडी उभी होती, दोन माडांना दोरी बांधून तीवर कपडे वाळत होते आणि दारात बसून एक गोरी बाई कांदा चिरत होती. मामा सांगतात, “बाकी सहलीतलं मला काही आठवत नाही. तो कांदा आठवतो.” त्या गाड्या युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा खुष्कीचा रस्ता कापून येत. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि तो रस्ता बंद पडला. मामांनी त्या रस्त्याची जणू शेवटची वर्दळच पाहिली.

ती गोल नाकाची गाडी बहुधा फोक्सवॅगन असणार. तिचा जन्म मोठा मजेदार आहे. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने १९४७ साली वहीच्या पानावर एक डबा काढला : पुढे चालक, मागे इंजिन, मध्ये सगळी मोकळी जागा. १९५० साली त्याची गाडी बनू लागली आणि १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तिच्यात बसवायचा पलंग-कपाटाचा संच काढला. सुरुवातीचे इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे. म्हणजे घाट चढताना मागच्या बैलगाडीवाल्याने ‘सरा बाजूला’ म्हणावे अशी गत! पण युद्धात घरे पडलेल्या त्या देशात मध्यम मिळकतीच्या माणसाला हॉटेलचे पैसे न मोजता बायकामुलांना समुद्र दाखवता येऊ लागला. इंग्लंडात याच सुमारास डॉर्मोबिल नावाची गाडी लोकप्रिय झाली. तिचे छप्पर एका बाजूने वर उचलले की आत माणूस ताठ उभा राहू शके.

आता प्रतिपक्ष म्हणेल, की मुळात हा श्रीमंतांचाच छंद. मान्य आहे. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरने ‘वाँडरर’ नावाचे घोड्यांचे फिरते घर बांधून घेतले आणि इंग्लंडातल्या ट्वायफर्डपासून स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत तेराशे मैलांचा प्रवास केला. बरोबर कुत्रा, पोपट, गाडीवान, आणि एक नोकर, ज्याचे काम तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन ‘गाडी येते आहे’ अशी वर्दी देणे! या गृहस्थांना चैनी म्हणायला माझी हरकत नाही. जॉन स्टाइनबेकलाही म्हणा. १९६० साली वयाच्या ५८व्या वर्षी तो आपला कुत्रा घेऊन ट्रकवर बसवलेल्या खोलीतून अमेरिका पाहायला निघाला. ज्या देशावर आपण लिहितो तो आपल्याला आता ठाऊक उरला नाही, असे त्याला वाटू लागले होते. गाडीचे नाव त्याने डॉन किहोतेच्या घोड्यावरून ‘रोसिनांते’ ठेवले. (हे महाशय बऱ्याच रात्री चांगल्या हॉटेलांत झोपले होते, असे पुढे शोधकांनी दाखवून दिले. लेखकांवर किती विश्वास ठेवावा, याचा धडा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथेच घ्यावा.)

पण मोटारघराचा फायदा म्हणून लोक जे सांगतात, म्हणजे स्वातंत्र्य, निसर्ग, सूर्यास्त, वाट फुटेल तिकडे जाणे, ते मला स्पर्धेतही सांगायचे नव्हते आणि आताही सांगायचे नाही. सूर्यास्त एसटीच्या खिडकीतूनही तितकाच लाल दिसतो. मला सांगायची आहे ती माझ्या आजीची गोष्ट. स्पर्धेत पाच मिनिटांत ती मावली नाही.

आजीचे माहेर देवगडच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती घाट चढली. दोन्ही गुडघे गेले, तेव्हापासून तिला उकिडवे बसता येत नाही. त्यात रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवीची गोळी. ती घेतली की दुपारपर्यंत दर अर्ध्यापाऊण तासाने उठावे लागते. आता सांगलीहून देवगडला जायचे म्हणजे राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट करून सहा तास. त्या सहा तासांत आजीला चालेल असे कमोड कोठे आहे? स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांचे वर्णन मी करीत नाही. हा अंक प्राध्यापकांच्या घरी जातो. एवढेच सांगते, की माझ्या आईच्या पिढीतल्या बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि याला त्या ‘सवय’ म्हणतात. आम्ही मुलीही कॉलेजच्या सहलीला जाताना तेच करतो. आमच्याबरोबरच्या मुलांना हे ठाऊक आहे की नाही, देव जाणे.

आजीने गोळी चुकवून पाहिली. पायांना सूज आली. शेवटी तिने जाणेच सोडले. सात वर्षे ती सांगलीबाहेर पडली नाही. कोणी विचारले, तर म्हणायची, “आता कशाला? सगळं पाहून झालंय.” आम्हीही ते खरे मानले, कारण ते मानणे सोयीचे होते.

२०२२ सालच्या श्रावणात रात्री नवाला देवगडहून फोन आला. आजीच्या थोरल्या बहिणीचे काही खरे नव्हते. ती आजीचे नाव घेत होती. मामांनी दोन ठिकाणी गाडीसाठी फोन केले. गाडी मिळाली असती, पण गाडीत बसून आजीने सहा तास करायचे काय? माझ्या आईने जरा दबकतच मोठ्या माणसांचे डायपर आणायचे सुचवले. आजीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की आई पुन्हा बोलली नाही. रात्रभर ती देवघरासमोर खुर्ची टाकून बसली. पहाटे दुसरा फोन आला.

जागा मामांनी तोवर विकलेली होती, पैसे बँकेत पडून होते आणि गाडीचा विचार अर्धवट लोंबकळत होता. त्या पहाटेनंतर लोंबकळला नाही.

२०२४च्या जानेवारीत आम्ही आजीला घेऊन निघालो. दाजीपूरच्या जंगलात पहिल्यांदा गाडी थांबवली. आजी मोरीत गेली आणि तिने आतून कडी लावली. बाहेर मामा उगाचच चाकांतली हवा पाहत फिरत होते. तिने बाहेर येऊन हात धुतले, तांब्याभर पाणी मागितले आणि ते सगळे प्यायली. प्रवासात तिला पाणी पिताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. फोंड्याचा घाट उतरताना ओट्याखालची भांडी असा गोंधळ घालीत होती, की मामांना वीसच्या वेगानेच उतरावे लागले. पण आजी फळीवर आडवी होऊन स्वस्थ झोपली होती. खाडी दिसल्यावर मात्र ती उठून बसली आणि इतकी वर्षे घाटावरची मराठी बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून निघाले, “हयसर थांब रे.”

बहिणीच्या घराला दोन पायऱ्या होत्या; त्या तिला चढवेनात. मग घरची माणसेच बाहेर आली. अंगणात गाडीच्या दारात बसून तिने भाच्यांना, सुनांना, नातवंडांना भेटून घेतले; आमच्याच शेगडीवर केलेला चहा सगळ्यांना दिला. पाहुणी होऊन नव्हे, यजमानीण होऊन माहेरी भेटली. बहिणीचे लुगडे भाचेसुनेने आणून दिले, ते आता गाडीतच असते. ती त्याची घडी उशाला घेते.

आता मालकीचा प्रश्न. स्पर्धेतल्या एका परीक्षकांनी विचारले होते, की भाड्याने मिळत असताना विकत कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले, केरळनेही त्याच वर्षी केले, आणि भाड्याने मोटारघर घेऊन चार दिवस फिरून येता येते. पुष्कळांना तेवढे पुरे आहे, आणि हौस म्हणून घेणाऱ्याने आधी भाड्यानेच घेऊन पाहावे, असे मीही म्हणेन. पण भाड्याच्या गाडीत पलंगाची उंची बदलता येत नाही. आजीला अठरा इंचांखाली बसले की उठता येत नाही, म्हणून आमची फळी अठरा इंचांवर आहे. कमोडशेजारी तिच्या हाताच्या अंतरावर धरायची दांडी आहे. फ्रिजमध्ये मामींच्या इन्शुलिनची जागा ठरलेली आहे. आणि मुख्य म्हणजे ती दारात उभी आहे. तो रात्री नवाचा फोन पुन्हा आला, तर साडेनवाला गाडी निघेल. आगाऊ नोंदवलेल्या गाडीने सूर्यास्ताला वेळेवर पोहोचता येते, मरणाला नाही.

तोटेही सांगितले पाहिजेत, नाहीतर मामांनी मला भाड्याने लिहायला बसवले, असे वाटेल. गाडी वर्षातले तीनशे दिवस नुसती उभी असते आणि शेजाऱ्यांच्या फाटकासमोर तिचे ढुंगण येते. विमा भरावा लागतो, टायर वापरले नाहीत तरी जुने होतात. साधी गाडी घेऊन सुताराकडून आत पलंग ठोकून घेईन म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आडवे येते. बनवणाऱ्याने नोंदवलेल्या रचनेत मूलभूत फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली स्पष्ट केले. मोटारघरासाठी वेगळे मानक आहे आणि त्याप्रमाणे तयार झालेली, मोटारघर म्हणूनच नोंद झालेली गाडी घ्यावी लागते. ती महाग पडते.

आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कमोडखालची पेटी. वीसेक लिटरची असते. तीन माणसांना दीड-दोन दिवस पुरते. मग ती ओतायची कोठे? फ्रान्स, जर्मनी, इटलीत मोटारघरांच्या तळांवर तिची सोय केलेली असते. न्यूझीलंडने तर २०११ साली मोकळ्या जागी मुक्काम करण्याचा कायदाच केला. आपल्याकडे मामा पेट्रोलपंपाच्या मालकाला विनवून तिथल्या शौचकूपात ती रिती करतात. एरवी घरी येईपर्यंत वाहून आणतात. निवृत्त बँक अधिकारी हातात ती पेटी घेऊन चालला आहे, हे दृश्य आईने प्रथम पाहिले, तेव्हा तिचा आठ दिवसांचा अबोला पुन्हा सुरू होतो की काय, असे वाटले होते. मामा म्हणाले, “लहानपणी आईनं माझं काढलं, आता मी तिचं काढतो. तुला काय त्रास?”

हे सगळे ऐकून प्रतिपक्षाच्या वक्त्याने जे विचारले, त्याकडे आता येते. तो आमच्याच वर्गातला, मूळचा बीडकडचा. त्याचे आईवडील ऊसतोडीला दर वर्षी दिवाळीच्या आसपास आमच्या भागात येतात. त्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतात आणि मुकादमाकडून तशी उचल मिळते. तो म्हणाला, “आमचंही बिऱ्हाड वर्षातले पाच-सहा महिने चाकांवर असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. पीठ, कोंबड्या, धाकटी बहीण, सगळं त्यात. शेताच्या कडेला कोपी घालतो. त्याला कोणी कॅम्परव्हॅन म्हणत नाही. माझी आई पहाटे तीनला उठून अंधारात जाऊन येते. तुमच्या आजीच्या कमोडची गोष्ट मी तिला कशी सांगू, ते सांगा.”

मी तेव्हा काही सांगू शकले नाही. वर्षभर विचार केला. ‘नोमॅडलँड’ नावाचे पुस्तक २०१७ साली निघाले आणि २०२० साली त्यावर चित्रपट झाला. त्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. २००८च्या मंदीनंतर घर परवडेनासे झालेली अमेरिकेतली म्हातारी माणसे व्हॅनमध्ये राहतात आणि हंगामाप्रमाणे बीट काढायला, गोदामात डबे उचलायला हिंडतात, त्यांची ती हकीकत आहे. म्हणजे तिथेही मामा आहेत आणि तिथेही कोयते आहेत, आणि दोघांच्या गाड्या लांबून सारख्याच दिसतात. ज्याला परतायला घर आहे त्याचे मोटारघर, आणि ज्याला नाही त्याचे नुसते बिऱ्हाड. हा फरक मी स्पर्धेत मान्य करायला हवा होता. तो मी आता करते.

पण मित्रा, विषय होता ‘निव्वळ चैन’. आमच्या गाडीत चैनीचे काय आहे ते मी तुझ्या यादीशी ताडून पाहिले. डोक्यावर न गळणारे छप्पर, उभ्याने भाकरी करता येईल असा ओटा, प्यायचे पाणी, आणि आतून कडी लागणारी मोरी. या चार वस्तू तुझ्या आईकडे नाहीत म्हणून माझ्या आजीकडच्या त्या चैनीच्या ठरल्या, असे तू सिद्ध केलेस आणि ढाल घेऊन गेलास. मला वाटते, आपण दोघांनी मिळून परीक्षकांना दुसरेच काहीतरी विचारायला हवे होते. ट्रॉली भरताना मुकादम आणि कारखाना माणसे मोजतात, कोंबड्यासुद्धा पाहतात. पण पाण्याची एक टाकी आणि एक कडीचे दार तीत बसत नाही, असे कोणी ठरवले?

संक्रांतीला मी त्याला मामांकडे घेऊन गेले. वाटले होते, तो येणार नाही, आला. आजीने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आईचे नाव-गाव विचारले. मग तो गाडीत शिरला. टाकी किती लिटरची, किती दिवस पुरते, बॅटरी मेली तर पंप हाताने चालतो का, पेटीला वास येतो का, असे त्याने मामांना अर्धा तास विचारले. मामांना इतका चांगला श्रोता आजवर मिळाला नव्हता. एका वहीच्या पानावर त्याने मोरीची लांबीरुंदी टिपून घेतली. ट्रॉलीची किती, ते त्याला पाठ होते.

निघताना तो परत आत गेला. आम्ही बाहेर उभे होतो. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग उघडल्याचा, मग पुन्हा लागल्याचा.